मामा, बर्फाचं सांगायचं राहिलं

मामा, बर्फाचं राहिलं.

ब्रेकचं सांगून झाल्तं. ड्रायव्हरच्या डोळ्यांचं झाल्तं. पुढच्या सीटवर बसून ऑफिसरनं झोपायचं न्हाई हे तर तुम्ही तीनदा सांगितलं, जसं काही मी गाडीत बसल्याबरोबर घोरायलाच लागते. चौथ्या दिवशी संध्याकाळी पंक्चरच्या दुकानाचं शटर ओढता ओढता तुम्ही म्हणले, बर्फाचं उद्या सांगतो, ते लई हाये, एका बैठकीत व्हायचं न्हाई. आणि सकाळी तेच शटर वर करताना तुम्ही खाली बसले ते बसलेच.

आज नऊ दिवस झाले. काल तुमच्या पुण्यानुमोदनाला अर्धं वडीगोद्री आल्तं. बुद्धवंदना झाली, माणसं तुमच्याबद्दल दोन-दोन शब्द बोलली, वर्दीतल्या फोटोसमोर मेणबत्त्या लावून जेवून गेली. जो तो माझ्याकडं बोट दाखवून शेजारच्याला सांगत होता, ही फौजीची भाची, लेफ्टनंट झाली. मी पांढऱ्या साडीत हात जोडून उभी होते आणि माझे गुडघे लटलट कापत होते. लोकांना वाटलं दुःखानं कापतात. दुःख तर होतंच मामा. पण गुडघे दुसऱ्याच गोष्टीनं कापत होते, आणि ते बघून काय झालं म्हणून विचारणारा माणूस फोटोत जाऊन बसलेला.

मी भ्यालेय. तुमच्यासमोर हा शब्द काढायची हिंमत झाली न्हाई, म्हणून आता काढते.

सोमवारी मला युनिटमध्ये हजर व्हायचंय. पहाडात, जिथं आपल्याकडं उन्हानं डांबर वितळायला लागतं तेव्हासुद्धा रस्त्याच्या कडेला माणसापेक्षा उंच बर्फ असतो म्हणतात. मी आजवर बर्फ पाहिला तो शहागडच्या रसवंतीत, पोत्यात गुंडाळलेला. त्या रस्त्यावरनं वरच्या चौक्यांना रसद घेऊन गाड्या जातात, आणि त्या गाड्या, त्यांचे ड्रायव्हर, त्यांचं येणं-जाणं, सगळं माझ्या ताब्यात येणार. युनिटनं ड्रायव्हरांची यादी पाठवलीय. त्यातले निम्मे तुमच्या वयाच्या जवळपास आहेत. ज्यांच्या एरवी मी पाया पडले असते, ते मला सलाम ठोकून विचारणार, काय हुकूम. आणि मी काय सांगणार? मोबाइलमध्ये एक अर्ज लिहून ठेवलाय, मामांचं निधन झालं, सुट्टी पंधरा दिवस वाढवून मिळावी. शब्द एकही खोटा न्हाई त्यात. तरी तो खोटा अर्ज आहे, हे मला माहीत आहे आणि आता तुम्हालाही.

तुम्हीच मला या वाटेला लावलं, त्यामुळं तक्रार कोणाकडं करू. दहावी झाल्यावर अप्पांनी मला आष्टीहून तुमच्याकडं ठेवलं ते कॉलेजला ये-जा करायला सोपं पडावं म्हणून. अप्पा शाळामास्तर, त्यांच्या डोक्यात डीएडच्या पुढं काही नव्हतं. तुम्ही मात्र पहिल्याच आठवड्यात मला हायवेच्या कडेनं पळायला लावलं. मी पुढं पळायची, तुम्ही मागून जुन्या लुनावर. दम लागून थांबले की तुम्ही हॉर्न वाजवायचे. ट्रकवाले हसायचे, हात करायचे. मी रडकुंडीला येऊन म्हणायची, मला शिपाईच व्हायचंय तर एवढं कशाला. त्यावर तुम्ही लुना बंद करून मला ऐकवलं होतं की शिपाई व्हायला मी हाये आपल्या घरात, एक झाला तेवढा बस झाला, भरती व्हायचं तर वरून, ऑफिसर म्हणून व्हायचं. तेवीस वर्षं फौजेची गाडी चालवून हवालदार होऊन आलेला माणूस बोलून राह्यला म्हटल्यावर मी परत पळायला लागले.

आणि मंग मला मिळालं काय, तर तुमच्याच गाड्या. नेमणुकीचा कागद आल्यावर मी फोन केला तेव्हा तुम्ही आधी खूप हसले. मंग एकदम गप्प झाले. मी हॅलो हॅलो करत राह्यले. तेव्हा मला वाटलं रेंज गेली.

तारे लावायच्या दिवसाबद्दल मला तुमच्याशी भांडायचं होतं, तेही राहून गेलं. अकादमीतल्या शेवटच्या परेडनंतर घरच्यांनी खांद्यावर तारे लावायचे असतात. एका खांद्यावर आई आणि एका खांद्यावर मामा, असं मी महिनाभर आधी ठरवल्तं, अप्पा बिचारे कबूलही झाल्ते. आणि ऐन वेळी तुम्ही दोन पावलं मागं सरले. म्हणले, हवालदाराच्या हातानं लेफ्टनंटचा तारा लागत न्हाई. असा नियम कुठंच न्हाई मामा. मी नंतर आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांना विचारलं, ते हसले. तो तुमचा तुम्ही केलेला नियम. शेवटी अप्पांनी लावला. आयुष्यभर खडू धरलेला हात, तारा वाकडा बसला. तुम्ही दहा हातांवरून बोटानं खुणावत होते, डावीकडं, आणखी डावीकडं, बस.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण पुढं चहापाण्याला घरच्यांना घेऊन ऑफिसर मेसमध्ये जायचं होतं. आई, अप्पा, मामी माझ्यामागून आले. दारापर्यंत तुम्हीही होते. दाराशेजारच्या पितळी पाटीवर तुमची नजर गेली आणि तुमचे पाय आपोआप वळले, जिकडं गाड्या लावल्या होत्या तिकडं. तुम्हाला कोणी अडवलं न्हाई, कोणी काही बोललं न्हाई. थोड्या वेळानं खिडकीतून दिसलं, तुम्ही ड्रायव्हर लोकांत उकिडवे बसून पुरीभाजी खात होते आणि एका गाडीच्या टायरकडं बोट दाखवून काहीतरी समजावत होते. केवढे खुश दिसत होते. घरी आल्यावर मी सगळ्यांना रागानं सांगत सुटले की मामांनी मला लाज आणली, पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस बाहेर बसून जेवतो का.

आता खरं ऐका. तुम्ही वळले तेव्हा मी पाहिलं होतं. हात धरून आत ओढणं बिलकुल अवघड नव्हतं. पण माझ्या शेजारी एका मैत्रिणीची आई उभी होती, मोत्यांची माळ, हळू आवाजात इंग्रजी, आणि माझ्या मनात आलं की बरं झालं. एवढंच, दोन शब्द. तुम्ही मोठ्यानं बोलता, चहा बशीत ओतून पिता, म्हणून बरं झालं. ज्यांच्यात तुम्ही जाऊन बसले, त्याच माणसांवर आता मी साहेब होऊन चाललेय. त्यांच्यातला मला एकच माणूस माहीत होता आणि त्याला मी दाराबाहेर राहू दिलं. माफ करा मामा. समोर असते तर तुम्ही हे वाक्य पूर्ण होऊ दिलं नसतं, म्हणून लिहून पूर्ण करते.

आणि एवढं होऊनही सुट्टीवर आल्याच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला दुकानात बोलावलं. जुन्या टायरवर पोतं टाकून बसायला दिलं आणि म्हणले, तुमच्या त्या अकादमीत शिकवलं असंल ते ठेव बाजूला, ड्रायव्हर ऑफिसरपासून काय काय लपवतो ते मी सांगतो. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले लई चांगले दिवस होते. दुपारी मोसंबी भरलेला एक ट्रक हवा मारायला थांबला. ड्रायव्हर चहा प्यायला गेला तसं तुम्ही मला उठवलं, म्हणले चाकापाशी पालथा हात ने, टेकवू नको. नेला. धग लागली. तुम्ही विचारलं, काय समजलं? मी म्हटलं गरम आहे. तुम्ही कपाळावर हात मारून घेतला. मंग सांगितलं की इथं घाट न्हाई, उतार न्हाई, सपाट रस्ता, तरी चाक एवढं तापलं याचा अर्थ हा माणूस सारखा ब्रेकवर पाय ठेवून चालवून राह्यला. असं माणूस कधी करतं, एक तर झोप झालेली नसती, न्हाई तर घरी काही बिनसलेलं असतं. ड्रायव्हर परत आल्यावर तुम्ही इकडचं-तिकडचं बोलत काढून घेतलं. दोन दिवस झोपला नव्हता. त्याला दुकानामागच्या बाजेवर तासभर आडवा केला आणि मंगच सोडला.

तुमचं म्हणणं, ऑफिसरनं प्रत्येक थांब्यावर असं चाकांपाशी फिरावं आणि तोंडानं काही बोलू नये. ज्याचं चाक तापलं त्याला पुढच्या थांब्यापर्यंत दुसऱ्याच्या बाजूला बसवावं. कारण विचारू नये. कारण विचारलं की माणूस खोटं बोलतो. मी वहीत लिहून घ्यायला लागले तर वही हिसकावून घेतली. हातात वही असलेल्या ऑफिसरला ड्रायव्हर खरं सांगत न्हाई म्हणून.

चौथ्या दिवशी भांडण झालं. तुम्हाला ते भांडण वाटलं का न्हाई कोण जाणे, मला वाटलं. ऊन उतरलं होतं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही बर्फाकडं वळणारच होते तेवढ्यात मी विचारलं, मामा, तुम्हाला कधी भेव वाटलं का त्या रस्त्यावर?

"न्हाई," तुम्ही म्हणले.

एकदा पण न्हाई?

तुमचा आवाज चढला. "करुणे, हे इचारायचं न्हाई. मला न्हाई, कोणालाच न्हाई. ऑफिसर भेला का त्याच्यामागं चाळीस माणसं भेतात. माहीत नसलं तरी माहीत हाये असंच उभं राह्यचं."

मी म्हटलं, म्हणजे खोटं उभं राह्यचं. तुम्ही म्हणले, हो, खोटं. मी म्हटलं, चाक तापल्यावर ड्रायव्हरचं खोटं तुम्हाला चालत न्हाई, मंग ऑफिसरचं कसं काय चालतं? यावर तुम्ही पान्हा आपटला आणि शटर ओढायला उठले. बर्फाचं उद्या सांगतो हे वाक्य त्यानंतरचं. माझ्याकडं न बघता म्हणलेलं.

मी उगाच विचारलं नव्हतं मामा. मला एक गोष्ट सांगायची होती आणि तिच्या भोवती मी चार दिवस घिरट्या घालून राह्यले होते. तुम्ही एकदा हो म्हणले असते तर मी लगेच सांगितली असती. आता ऐका.

शेवटच्या महिन्यात आम्हाला डोंगराळ भागात सरावाला नेल्तं. मी गाडीत पुढं बसले होते, ड्रायव्हरशेजारी. चढावर गाडी थांबली आणि मागं घसरायला लागली. जास्त न्हाई, चार-पाच हात घसरली असंल. ड्रायव्हरनं हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, गाडी धरली. सगळं मिळून पाच सेकंद. पण त्या पाच सेकंदांत मी दार उघडून उडी मारली होती. मागं आमच्या तुकडीची पोरं बसलेली, बाजूला ड्रायव्हर, आणि मी रस्त्यावर. मागच्यांना काही दिसलं न्हाई, त्यांना वाटलं मी चाकामागं दगड लावायला उतरले. सगळ्यांनी शाबासकी दिली, किती चपळ म्हणून. ड्रायव्हरनं फक्त एकदा माझ्याकडं पाहिलं. तोही तुमच्याच वयाचा. काही बोलला न्हाई, कोणाकडंच बोलला न्हाई. मी गाडीत परत बसले तेव्हा त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. मी घोटही न घेता बाटली परत दिली.

हे आहे माझं भेव. बर्फाचं न्हाई, खाईचं न्हाई, मरायचं तर त्याहून न्हाई. मी परत उडी मारीन याचं. या वेळेस गाडी पाच सेकंदांत थांबणार न्हाई, आणि यादीतलं एखादं नाव आत राहील. तुमच्यासारखं कोणीतरी, कोणाचा तरी मामा. ही गोष्ट आजपर्यंत मी आईला सांगितली न्हाई, मैत्रिणीला सांगितली न्हाई. तुम्हाला सांगायची होती आणि तुम्ही न्हाई म्हणून मोकळे झाले.

काल माणसं पांगल्यावर मी आणि मामी भांडी आवरत होतो. तिनं एकाएकी विचारलं, जेवली का न्हाईस. मी म्हटलं भूक न्हाई. ती म्हणली, चार दिवसांपासून बघून राह्यले, तुला भूक न्हाई ते मामांमुळं न्हाई. ती पातेलं पालथं घालून माझ्यासमोर बसली.

"तुझे मामा लई भ्यायचे," मामी म्हणली. "सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी उलट्या सुरू. पोटात काही ठरायचं न्हाई. दरसाल. मी म्हणायची नका जाऊ, शेती करू. ते तोंड धुवायचे आन ट्रंक भरायला लागायचे. मला शपथ घातल्ती, कोणाला सांगू नको."

ती म्हणली, तुझ्या नेमणुकीचा फोन आला त्या दिवशी पण झाली एक उलटी, मागच्या मोरीत. मला म्हणले, पोरगी त्याच रस्त्याला चालली, आन मीच पळवली तिला.

मामा. काय म्हणू मी तुम्हाला. आधी तर इतका राग आला की तुमच्या फोटोसमोर जाऊन उभी राह्यले, भांडायलाच. चार दिवस टायरवर बसवलं, चाकाची धग ओळखायला शिकवली आणि स्वतःच्या चाकाला हात लावू दिला न्हाई. एक शब्द सांगितला असता तर तुमचं काय गेलं असतं? मी तुम्हाला भित्रे म्हणले असते का? मंग रडले. मामी येऊन मागं उभी राह्यली, पाठीवर हात ठेवला. तेवीस वर्षं. दरसाल ट्रंक भरली आणि दरसाल गेले. मला आता कळतं की त्या संध्याकाळी तुम्ही माझ्यावर चिडले नव्हते. तरी तुमचं चुकलंच मामा. तुमच्या त्या एका न्हाईमुळं मी नऊ दिवस समजत होते की आपल्या घरात मी एकटीच अशी निघाले.

आज सकाळी युनिटमधनं फोन आला. आवाज वयस्कर, पहाडी. माझ्या गाड्यांवरचे सुभेदार साहेब. मामा गेल्याचं त्यांना कळलं होतं, त्याबद्दल अगदी मोजकं बोलले. मंग विचारलं, सोमवारी येताय ना, स्टेशनवर गाडी पाठवायची म्हणून. अर्ज पाठवायचा तर हीच वेळ होती. गाड्यांचा पहिला काफिला गुरुवारी वर जाणार, हेही त्यांनी सांगितलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं की बर्फाच्या रस्त्यावर आधी कधी गेलाय का.

तुम्ही असते तर खूण केली असती, हो म्हण. मला तुमचं बोटसुद्धा दिसलं.

मी म्हटलं, "नहीं साहब. आणखी एक बात है." आणि सांगून टाकलं, सगळं, माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत. चढ, पाच सेकंद, उघडलेलं दार, आत राहिलेला ड्रायव्हर. ज्या माणसाला मी अजून पाहिलेलं न्हाई आणि जो सोमवारपासून मला सलाम करणार, त्याला. सांगताना मी अंगणात फेऱ्या मारत होते आणि मामी दारात उभी राहून ऐकत होती.

मला वाटलं संपलं. गुरुवारच्या आत सगळ्या ड्रायव्हरांना कळणार, नवीन मॅडम गाडीतनं उड्या मारते.

मंग ते म्हणले, "ठीक है मॅडम. गुरुवार को आप बीच में बैठिएगा. दरवाज़े की तरफ मैं बैठूँगा."

मला हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते थांबेचना, मामी घाबरून जवळ आली. तेही पलीकडून हसले थोडे. मी त्यांना रेल्वेचं नाव, डबा, पोहोचायची वेळ सगळं नीट सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं आणि जय हिंद म्हणून फोन ठेवला.

आत्ता ट्रंक उघडून बसलेय. मामी लोणच्याची बरणी आणून ठेवते, मी काढते, ती परत ठेवते. सकाळपासून दोनदा मोरीवर उलटी करून आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा मामी तांब्या घेऊन बाहेर उभीच होती. भेव जरासुद्धा कमी झालं न्हाई मामा, खोटं कशाला बोलू. गुरुवारी बसायची जागा तेवढी ठरली.